टायरचं प्रेशर, कसारा घाट आणि अकरावीचे गॅस लॉ : हिशोब नेमका कुठे चुकतोय?

नाशिकची_सकाळ (धागाकर्ता), शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेक अकरावी सायन्सला आहे, सध्या त्यांचं गॅस लॉजचं (वायूचा दाब, आकारमान, तापमान यांच्या नियमांचं) प्रकरण चालू आहे, बॉईल चार्ल्स गे-ल्युसॅक सगळं तोंडपाठ आणि गणितंही पटापट सोडवते. पण परवा एक गोष्ट झाली त्यात आम्ही दोघंही अडकलोय म्हणून धागा काढतोय.

गुरुवारी पहाटे नाशिकहून ठाण्याला बहिणीकडे निघालो. निघायच्या आधी गाडी थंड असताना घरच्या डिजिटल मीटरने चारही टायर चेक केले, ३३ पीएसआय. बाहेर १२ डिग्री होतं. ठाण्यात मुक्काम, शुक्रवारी सकाळी गाडी रात्रभर उभी असल्यामुळे टायर परत थंडच, पण तिथलं थंड म्हणजे २२ डिग्री. मीटर दाखवतोय ३३.५. (मीटर अर्ध्या अर्ध्या पॉईंटने सरकतो.)

लेक म्हणाली बाबा व्हॉल्यूम तेवढाच आहे, टेंपरेचर वाढलं की प्रेशर त्याच प्रमाणात वाढणार, मी काढून दाखवते. ३३ गुणिले २२ भागिले १२, उत्तर साडेसाठ. लगेच तिचं तिलाच कळलं की केल्विन राहिलं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे राहिले. परत केलं, ३३ गुणिले २९५ भागिले २८५, उत्तर ३४.२. बरंच जवळ आलं पण मीटर ३४ सुद्धा दाखवत नाहीये, चारही चाकांना ३३.५. हवा लीक झाली म्हणावं तर चारही टायरमधून सारखीच कशी होईल?

नुसतं उत्तर नकोय, कुठे चुकलो ते हवंय. कारण ती म्हणायला लागलीय की पुस्तकातली गणितं पुस्तकातच बरोबर येतात, आणि ते मला फार लागलं.

रस्ता_आणि_मी, रात्री १०:०५

नायट्रोजन भरा, विषय संपला. मी दोन वर्षं नायट्रोजनच भरतो, टेंपरेचरचा काही फरक पडत नाही असं पंपावरच्या मुलाने सांगितलं होतं आणि माझा अनुभव पण तसाच आहे.

रसायनवाली, रात्री १०:३२

नाशिककर, आधी लेकीला शाबासकी द्या. डिग्री सेल्सिअस घालून गणित करणं ही चूक बारावीपर्यंत मुलं करत राहतात (ज्युनियर कॉलेजला बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, हजारो पेपर तपासलेत), तिने ती स्वतः पकडली.

पण अजून एक राहिलीय. टायरचा मीटर शून्य कधी दाखवतो? टायर एकदम फ्लॅट असताना. पण फ्लॅट टायरमध्ये हवा नसते का? असते की, बाहेर जेवढ्या दाबाची आहे तेवढ्याच दाबाची. म्हणजे मीटर जे दाखवतो ते बाहेरच्या हवेपेक्षा आत जास्त किती आहे एवढंच दाखवतो. त्याला म्हणायचं गेज प्रेशर. गॅस लॉला ते चालत नाही, त्याला आतला सगळा दाब लागतो, निरपेक्ष दाब. सेल्सिअसचं जे झालं तेच हे, शून्य चुकीच्या जागी धरलं. तिला सांगा बाहेरच्या हवेचा दाब मिळवून गणित परत कर.

नाशिकची_सकाळ, रात्री ११:१०

मॅडम केलं तिने. बाहेरची हवा १४.७ पीएसआय धरली. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७, गुणिले २९५ भागिले २८५ म्हणजे ४९.४, त्यातून १४.७ वजा केले की ३४.७. आता तर उत्तर मीटरपासून अजून लांब गेलं! चूक दुरुस्त केल्यावर उत्तर बिघडलं म्हणून ती आता जास्तच हिरमुसलीय.

घाटवाट, रात्री ११:२६

हिरमुसायचं कारण नाही, उत्तर तुमच्या धाग्याच्या नावातच आहे. कसारा घाट.

१४.७ ही समुद्रसपाटीची हवा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे डोक्यावर हवेचा थर तेवढा कमी, दाब साधारण १३.७ पीएसआय. ठाण्यात १४.७. आता करा. नाशिकला आतला निरपेक्ष दाब ३३ अधिक १३.७ म्हणजे ४६.७. तापमानाने तो झाला ४६.७ गुणिले २९५ भागिले २८५ म्हणजे ४८.३. आणि ठाण्यात मीटर त्यातून १४.७ वजा करून दाखवणार. किती येतात? ३३.६.

तापमानाने दीड पीएसआय चढवले, घाट उतरल्याने त्यातला एक काढून घेतला. तुमचा मीटर अर्ध्यानेच सरकतो म्हणून ३३.५. मीटर एकदम बरोबर आहे.

आम्ही ट्रेकवाले घड्याळात उंची बघतो ना, ते घड्याळ काही उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. दर शंभर मीटरला साधारण एक टक्का दाब कमी होतो, निदान आपल्या सह्याद्रीच्या उंचीपर्यंत तरी हा हिशोब बरा चालतो.

नाशिकची_सकाळ, रविवार, सकाळी ७:१५

घाटवाट साहेब, काय सांगू. रात्री साडेअकराला तिला उठवून दाखवलं. तिने वहीत चार ओळी लिहिल्या, साडेसाठ, ३४.२, ३४.७, ३३.६, आणि प्रत्येकासमोर काय राहिलं होतं ते. मग म्हणाली म्हणजे मधलं ३४.२ जवळ होतं पण चुकून जवळ होतं. मला हे वाक्य फार आवडलं.

रसायनवाली, सकाळी ८:००

घाटवाट, सुंदर. मी उंची विसरलेच होते, आयुष्यभर वर्गात बाहेरचं प्रेशर म्हणजे एक ॲटमॉस्फियर (समुद्रसपाटीच्या हवेचा दाब) असं गृहीत धरून शिकवलं. आणि तिचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे. चुकून जवळ आलेलं उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट, कारण ते पाहिल्यावर आपण शोधायचं थांबतो.

रस्ता_आणि_मी, सकाळी ९:२०

माझ्या नायट्रोजनच्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. अनुभव खोटा आहे का?

रसायनवाली, सकाळी १०:४५

दादा, तुमचा अनुभव खोटा नाही म्हणत, पण कारण वेगळं आहे. जरा सविस्तर लिहिते, सगळ्या धाग्यालाच उपयोग होईल.

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, बाकी बहुतेक ऑक्सिजन. आता गॅस लॉची सगळ्यात आश्चर्याची गोष्ट ही की त्याला गॅस कुठला आहे याने फरक पडत नाही. पीव्ही इक्वल टू एनआरटी मध्ये पी दाब, व्ही आकारमान, एन म्हणजे किती मोल (रेणू मोजायचं माप), टी केल्विनमधलं तापमान आणि आर हा स्थिरांक, ८.३१४. यात नायट्रोजन की ऑक्सिजन की हीलियम असं कुठे लिहायला जागाच नाही. रेणू किती आहेत ते विचारतो, कोण आहेत ते विचारत नाही. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये हेच सांगितलं, की सारख्या तापमानाला सारख्या दाबाला सारख्या आकारमानात कुठल्याही वायूचे रेणू सारखेच असतात, आणि केमिस्ट्रीवाल्यांना ते पटायला जवळपास पन्नास वर्षं लागली.

असं का होतं? टायरच्या आत रेणू सुसाट धावतायत, नायट्रोजनचे रेणू घरातल्या तापमानाला सेकंदाला सरासरी पाचशे मीटरच्या आसपास, आणि भिंतीवर आपटतायत. त्या आपटण्याचा जोर म्हणजेच दाब. तापवलं की जोरात आपटतात. जड रेणू हळू धावतो, हलका जोरात, पण एकाच तापमानाला दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच, त्यामुळे भिंतीला शेवटी जाणवतं ते सारखंच. म्हणून नायट्रोजन भरलेला टायर १२ वरून २२ डिग्रीला नेला तर तो पण दीड पीएसआयच चढणार, एक कणभर कमी नाही.

मग फरक कुठे? ओलाव्यात. कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेत कधीकधी पाण्याचा अंश बराच असतो, टायर तापला की ते पाणी वाफ होतं आणि वाफेचे नवे रेणू मिळाले की एन वाढतो. पंपावरचा नायट्रोजन कोरडा असतो. दुसरं, रबरातून नायट्रोजन ऑक्सिजनपेक्षा जरा हळू झिरपतो म्हणून महिन्या-दोन महिन्यांत प्रेशर थोडं कमी उतरतं. तुमचा अनुभव बहुधा हा असेल. कोरडी हवा असेल आणि तुम्ही महिन्यातून एकदा चेक करत असाल तर साध्या हवेत काही वाईट नाही.

रस्ता_आणि_मी, सकाळी ११:०२

पटलं मॅडम. ७८ टक्के आधीच आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. पंपावरच्या पोराला पण सांगतो.

फोडणी, दुपारी १२:३०

मी कॉमर्सची, पण धागा वाचून एक जुनी शंका वर आली. रेणू कमी झाले की प्रेशर कमी होतं ना? मग घरचा सिलिंडर अर्धा झाला की शेगडीची आंच अर्धी का होत नाही? शेवटच्या दिवसापर्यंत तशीच जळते आणि मग एकदम डाळ शिजत असताना जाते.

गॅसजोडणी, दुपारी १:१५

ताई, एलपीजीच्या कामात वीस वर्षं गेली माझी, हा प्रश्न गिऱ्हाईक रोज विचारतात म्हणून नीट सांगतो.

सिलिंडरमध्ये नुसता गॅस नसतो, लिक्विड असतं. हलवून बघा, आत डुचमळतं. प्रोपेन आणि ब्युटेन, दाबाखाली द्रव झालेले, आणि वर थोडी जागा सोडलेली असते तिथे त्यांचा गॅस. शेगडी पेटली की वरचा गॅस जातो, लगेच खालचं थोडं लिक्विड उकळून त्याची जागा भरून काढतं. जोवर थेंबभर लिक्विड आहे तोवर वरचं प्रेशर तेच राहतं, ते ठरतं फक्त तापमानावर आणि प्रोपेन ब्युटेनच्या मिश्रणावर. म्हणून प्रेशर बघून सिलिंडर किती शिल्लक आहे ते कळूच शकत नाही, वजन करावं लागतं. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा करा, उरेल तो गॅस.

थंडीत नाशिक, धुळे, जळगावकडे पहाटे आंच कमी होते ती पण याच कारणाने. ब्युटेन शून्याच्या जवळ उकळतो, उणे अर्धा डिग्री, प्रोपेन उणे ४२ ला. थंडीत ब्युटेन आळसावतो. त्यात जास्त वेळ मोठी शेगडी चालवली की उकळायला लागणारी उष्णता लिक्विड स्वतःमधूनच घेतं आणि सिलिंडर अजून गार होतो, हॉटेलच्या सिलिंडरला बाहेरून दव नाहीतर बर्फ धरलेलं दिसतं ते यामुळेच.

आणि हात जोडून सांगतो, थंडीत लोक सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतात किंवा आडवा करतात. करू नका. आडवा केला की गॅसऐवजी लिक्विड नळीत येतं, आणि एक लिटर लिक्विडचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. ज्वाला केवढी येईल विचार करा. मी भाजलेली माणसं पाहिलीत.

रसायनवाली, दुपारी २:१०

गॅसजोडणी दादा, हे सगळ्यांनी वाचायला हवं. मी फक्त आकडा जोडते. १४.२ किलोच्या सिलिंडरची आतली जागा साधारण ३३ लिटर. तेवढा सगळा माल जर गॅस म्हणून त्यात कोंबला असता तर पीव्ही एनआरटीने दाब येतो २०० बारच्या आसपास (एक बार म्हणजे जवळपास एक ॲटमॉस्फियर). प्रत्यक्षात आपल्या हवेत तो पाच-सात बारच्या घरात असतो, आणि रेग्युलेटर तो अजून उतरवून साधारण ३० मिलिबारवर शेगडीला देतो. म्हणजे सूत्र इथे लावलं तर तीसपट चुकतं.

फोडणी ताई, तुमच्या कुकरचं पण असंच आहे. नुसती हवा भरून झाकण लावलं आणि ३० डिग्रीवरून १२० पर्यंत तापवलं तर दाब १.३ पट होईल, शिट्टी होणारच नाही. कुकरमध्ये दाब बाहेरच्या जवळपास दुप्पट होतो तो पाण्याच्या वाफेमुळे. जिथे द्रव आणि वायू शेजारी शेजारी आहेत तिथे एन आपोआप बदलत राहतो, म्हणून सूत्र नुसतं लावता येत नाही.

फोडणी, दुपारी २:४०

पंचवीस वर्षं रोज कुकर लावतेय, आज कळलं. म्हणून पाणी संपलं की शिट्टी थांबते आणि वास यायला लागतो!

सीएनजी_गाडीवाला, दुपारी ४:००

मग सीएनजीचं पण असंच का? माझ्या गाडीची टाकी ६० लिटर, भरताना मशीन २०० बार दाखवतं, अगदी रिकामी असेल तर ८ ते साडेआठ किलो बसतो. उन्हाळ्यात दुपारी भरला तर कमीच बसतो, पहाटे भरला तर जास्त. आमच्या रांगेतले रिक्षावाले म्हणूनच पहाटे चारला लाईन लावतात.

रसायनवाली, दुपारी ४:५०

नाही, सीएनजी २०० बारला पण वायूच राहतो, बहुतेक मिथेन. मिथेन उणे ८२ डिग्रीच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. म्हणून इथे सूत्र लावून बघता येतं आणि ते फार शिकवतं. २०० बार, ६० लिटर, २५ डिग्री, मोल येतात ४८४, मिथेनचा मोल १६ ग्रॅम, म्हणजे पावणेआठ किलो. टाकी थंड होऊन २५ डिग्रीला खरोखर २०० बारवर असेल तर आत प्रत्यक्षात नऊ किलोच्या वर असतो.

म्हणजे सूत्राच्या हिशोबापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त मावतो. का? सूत्र आदर्श वायूचं आहे. आदर्श वायू म्हणजे ज्याच्या रेणूंना स्वतःचा आकार नाही आणि ज्यांना एकमेकांची ओढ नाही. टायरच्या दाबाला रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की हे जवळपास खरं ठरतं, म्हणून नाशिककरांच्या टायर मीटरचा हिशोब अर्ध्या पॉईंटपर्यंत जुळला. २०० बारला ते इतके दाटीवाटीत असतात की एकमेकांना ओढून धरतात, भिंतीवरचा मार कमी पडतो, मग त्याच दाबाला जास्त रेणू बसतात. हाच दाब आणखी खूप वाढवत नेला तर उलटं होतं, रेणूंचा स्वतःचा आकार आडवा येतो आणि हिशोबापेक्षा कमी मावतात. या दोन्ही गोष्टी सूत्रात घालून नवं समीकरण मांडलं व्हॅन डर वाल्स यांनी, १८७३ मध्ये लायडेनला पीएचडीच्या प्रबंधात. त्याआधी ते शाळामास्तर होते, नोकरी करत करत शिकले. १९१० ला नोबेल मिळालं. हा भाग आला की मी दरवर्षी वर्गात हे सांगते.

आणि तुमचं पहाटेचं निरीक्षण पण बरोबर. भरताना आतला गॅस दाबला जाऊन तापतो, हात लावून बघा टाकी कोमट लागेल. गरम गॅस २०० बारला लवकर पोचतो, मशीन थांबतं, मग टाकी गार झाली की काटा खाली येतो. दुपारी सुरुवातच गरम टाकीपासून होते.

सीएनजी_गाडीवाला, संध्याकाळी ५:१०

काटा खाली येतो तेव्हा मी पंपवाल्याने कमी भरला असं समजून दोनदा भांडलो होतो. त्याची चूक नव्हती, उद्या गेल्यावर त्याला सांगतो.

मालवणी_पाणी, संध्याकाळी ६:३०

टायर झाले, टाक्या झाल्या, पाण्याखालचं पण सांगतो कारण तिथे बॉईलचा नियम (दाब जेवढ्या पट वाढतो तेवढ्या पट हवा आकसते) न पाळणाऱ्याचा जीव जातो. तारकर्लीला स्कुबा शिकलो. पाण्यात दर १० मीटरला एक ॲटमॉस्फियर दाब वाढतो. म्हणजे वर एक, १० मीटरला दोन, २० ला तीन. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी फुगा घेऊन नेला खाली, १० मीटरला तो अर्धा झाला, वर आल्यावर परत पूर्वीएवढा.

आता उलट विचार करा. १० मीटरवर तुम्ही नळीतून छातीभर श्वास घेतला, ती हवा दोन ॲटमॉस्फियरची आहे. घाबरून श्वास रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागणार आणि फुप्फुसाला दुप्पट व्हायची सोय नाही. म्हणून पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर नाहीच. आणि बघा, पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, २० वरून ३० ला जाताना फक्त तीनाचा चार. सगळ्यात जास्त धोका सगळ्यात उथळ पाण्यात असतो, हे नवख्याला खरंच वाटत नाही.

नाशिकची_सकाळ, संध्याकाळी ७:१०

लेक शेजारी बसून सगळं वाचतेय. तिचा प्रश्न : बॉईलला हे सुचलं कसं, त्याने काय मोजलं होतं?

जुनी_पानं, रात्री ९:२५

हा माझ्या आवडीचा विषय. बॉईलच्या आधी लोकांना हवा दाबली की परत उसळते हे माहीत होतं, त्याने १६६० च्या पुस्तकात हवेला स्प्रिंगची उपमा दिली. त्याच्यासाठी हवेचा पंप बनवला रॉबर्ट हूकने. त्यावर लायनस नावाच्या एका पाद्र्याने आक्षेप घेतला, की हवेत एवढी ताकद असूच शकत नाही, दाबमापकाच्या नळीतला पारा वर धरून ठेवतो तो एक न दिसणारा धागा. त्याला उत्तर द्यायला बॉईलने इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतत गेला आणि कोंडलेली हवा किती उरते ते मोजत गेला. दाब दुप्पट तर हवा निम्मी. तो तक्ता १६६२ मध्ये छापला. म्हणजे नियम जन्मला तो वादातून, आणि वाद मिटवला आकड्यांनी.

पण तुमच्या लेकीला सगळ्यात आवडेल ते हे. बॉईलच्याही आधी, १६६१ मध्ये, हेन्री पॉवर आणि रिचर्ड टाउनली हे दोघं इंग्लंडमध्ये लँकशायरच्या पेंडल हिल नावाच्या डोंगरावर नळीत कोंडलेली हवा घेऊन चढले आणि पायथ्याला किती, माथ्यावर किती ते मोजलं. दाब आणि आकारमानाचा संबंध त्यांना तिथे दिसला, आणि बॉईलने टाउनलीचा उल्लेखही केलाय. तुम्ही कसारा घाटात टायर घेऊन जे केलंत ते साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांनी पेंडल हिलवर केलं होतं.

तापमानाचा नियम मात्र उशिरा आला. चार्ल्सने १७८७ च्या सुमारास प्रयोग केले पण छापलेच नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःचे नीट मोजून छापले आणि त्यात चार्ल्सचं नाव आवर्जून घेतलं. नाव घेतलं नसतं तर आज चार्ल्स फक्त फुगेवाला म्हणून माहीत असता. २७ ऑगस्ट १७८३ ला पॅरिसमध्ये त्याने लोखंडावर गंधकाम्ल ओतून हायड्रोजन केला आणि फुगा सोडला, तो गोनेस गावात पडला, गावकऱ्यांनी घाबरून काट्या-कोयत्यांनी तो फाडून टाकला. त्याच वर्षी १ डिसेंबरला तो स्वतः वर गेला. त्या फुग्याचं खालचं तोंड उघडं ठेवलं होतं, म्हणजे वर दाब कमी होऊन हायड्रोजन पसरला की जादाचा बाहेर पडेल. मालवणी_पाणी जे श्वासाबद्दल सांगतात तेच फुग्याला लागू.

घाटवाट, रात्री १०:००

पेंडल हिलबद्दल माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

नाशिककर, लेकीला एक प्रयोग सुचवतो. एक लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली नाशिकला घट्ट बंद करायची. ठाण्याला पोचेपर्यंत ती चेपलेली दिसेल. मग बादलीत पाण्याखाली उलटी धरून झाकण उघडायचं, जेवढी हवा आकसली तेवढं पाणी आत शिरेल. पाण्याखालीच झाकण लावून बाहेर काढायची आणि ते पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचं. पण आधी वहीत अंदाज लिहायचा, मग उघडायची.

नाशिकची_सकाळ, पुढच्या रविवारी, रात्री ८:३०

मंडळी, केला प्रयोग. काठोकाठ भरून बाटली मोजली तर १०३५ मिली निघाली, मग आतून पुसून कोरडी केली. काल नाशिकला १४ डिग्रीला बंद केली, आज ठाण्यात बादलीचं पाणी २४ डिग्री. तिने आधी लिहिलं, दाबामुळे ०.९३ पट, तापमानामुळे २९७ भागिले २८७, म्हणजे ९९७ मिली हवा उरेल, ३८ मिली पाणी शिरायला हवं. आतेभावंडं सगळी बादलीभोवती. सिरिंजने मोजलं, ३०.

मला वाटलं परत हिरमुसणार. ती म्हणाली थांब, चुकून जवळ आहे का खरंच जवळ आहे ते बघू.

रसायनवाली, रात्री ९:०५

तिला फक्त एवढंच विचारा, पाणी आत शिरल्यावर बाटलीत हवेशिवाय अजून काय आलं?

नाशिकची_सकाळ, रात्री ९:५०

विचारलं. दहा मिनिटं गप्प होती, मग कुकर म्हणाली. पाण्याची वाफ! बाटली कोरडी होती, ठाण्यात पाणी आत गेल्यावर थोडी वाफ झाली, ती पण भिंतीवर आपटतेय, म्हणून तेवढं पाणी कमी शिरलं. डाल्टनचा नियम (मिश्रणातल्या प्रत्येक वायूचा दाब मिळून एकूण दाब होतो) पुढच्याच पानावर होता, ते वाचून आली. २४ डिग्रीला वाफेचा पूर्ण दाब ३ किलोपास्कल, म्हणजे एकूण दाबाच्या ३ टक्के. पण आम्ही काही सेकंदातच झाकण लावलं, त्यामुळे पूर्ण वाफ झालीच नसणार, अर्धवट झाली असणार असं तिचं म्हणणं.

आता पुढच्या वेळी नाशिकलाच बाटलीत चमचाभर पाणी घालून हलवून मग बंद करणार, म्हणजे दोन्हीकडे वाफ पूर्ण असेल आणि अंदाज लावायला काही राहणार नाही. ते चमचाभर पाणी मोजून वजा करायचं. तापमान हेच राहिलं तर अंदाज वहीत लिहून झालाय, २५ मिली. संक्रांतीला परत ठाण्याला जातोय, आल्यावर इथेच कळवतो.